हिरवं पाणी जातं कुठं

रेडिएटरचं झाकण उघडलं आणि आत पाहिलं, तर कूलंट बोटभर खाली गेलेलं.

हे वाचून तुम्हाला काहीच झालं नसेल. मला झालं. आठवडेच्या आठवडे गॅरेजात बसून इंजिनाचा सांधा न् सांधा मी स्वतःच्या हातांनी खोलला होता. पिस्टन नवा, रिंगा नव्या, बेअरिंगं नवी, गॅस्केटं सगळी नवी. बायकोचा वाढदिवस विसरलो, पण कुठला बोल्ट किती आवळायचा हे विसरलो नाही. आणि आदल्या संध्याकाळी काठोकाठ भरलेलं हिरवंगार पाणी दुसऱ्या संध्याकाळी खाली. स्वतः शिवलेला कोट घालून माणसानं ऐटीत लग्नाला जावं आणि तिथं चारचौघांत बाही सुटून हातात यावी, तसं झालं.

तर मी गिल्दार्दो ओस्सा. पिएद्रालार्गा गावाच्या चौकात, चर्चच्या डाव्या बाजूला माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना जे दिसत नाही ते दिसायला लावणं हा माझा धंदा. डोंगरवाटांवर चालणारी ही जुनी लाल डर्ट बाइक माझ्याकडे कशी आली ते सांगत बसत नाही, कारण माझी बायको नोएमी ते वेगळ्या तऱ्हेनं सांगते आणि लोकांना तिचीच हकीकत जास्त आवडते.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशी आख्खी गल्ली बाहेर आली होती. आमची गल्ली म्हणजे एक उभा चढ. खाली आमचं घर, समोर डोन्या फाबिओला आणि त्यांची कुत्री कोकादा, आणि पार वर, जिथं डांबर संपून माती लागते तिथं डोन आबेलार्दो. (बुवांना डोन, बाईंना डोन्या म्हणायची आमच्याकडे रीत आहे.) सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वाजवल्या नाहीत त्या फक्त माझ्या सासूबाईंनी. डोन्या ओतिलिया आमच्याकडेच राहतात. निवृत्त शिक्षिका, रोज जपमाळ, केसांचा घट्ट अंबाडा. त्या दारात उभ्या राहिल्या, छातीवर क्रूस काढला आणि म्हणाल्या, "हे भूत घरातून घालवा, गिल्दार्दो." इंजिन बंद होईपर्यंत मात्र त्या आत गेल्या नाहीत. मला वाटलं, स्फोट होतो की काय म्हणून थांबल्या असतील.

गळती सापडेपर्यंत बाइक रस्त्यावर काढायची नाही असं मी ठरवलं. इंजिन तापून बसलं असतं तर सगळी मेहनत पाण्यात, म्हणजे पाण्याअभावी, गेली असती. मी रोज संध्याकाळी दुकानातून यायचो, झाकण उघडायचो, हबकायचो, पाणी भरायचो आणि झोपायचो. पुन्हा दुसऱ्या संध्याकाळी तेच.

आता गळती म्हटलं की काहीतरी गळायला पाहिजे. पण जमीन कोरडी. मी बाइकखाली वर्तमानपत्रं पसरली, ती कोरडी. मग मी नोएमीची पांढरी चादर अंथरली, म्हणजे एक थेंब जरी पडला तरी दिसेल. संध्याकाळी येऊन पाहतो तर चादर धुऊन, वाळवून, इस्त्री करून कपाटात.

"झोपायची चादर जमिनीवर?" सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या आईनं हेच शिकवलं का तुम्हाला?"

मी खजील झालो. चादरीवर काही डाग होता का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की त्यांनी बाइकसुद्धा ओल्या फडक्यानं पुसून ठेवली होती. मला बरं वाटलं. म्हटलं, म्हातारीचं मन वळतंय.

दुपारच्या कॉफीला डोन आबेलार्दो दुकानात आले. हे बस ड्रायव्हर होते. डोंगरातल्या घाटांत तीस-पस्तीस वर्षं गाडी हाकून आता एकटे राहतात, पांढऱ्या मिशांना कंगवा करतात आणि चष्म्याचा स्क्रू आवळून घ्यायला रोज येतात. स्क्रू कधीच ढिला नसतो. मी आवळल्यासारखं करतो, ते तपासल्यासारखं करतात आणि मग आम्ही बोलतो.

"धूर पांढरा येतो का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"ऑईल दुधासारखं झालंय?"

"नाही."

"इंजिन चालू असताना रेडिएटरात बुडबुडे?"

"अजिबात नाहीत."

"मग हेड गॅस्केटच," डोन आबेलार्दो कप खाली ठेवत म्हणाले.

"अहो, पण गॅस्केट गेलं की जी लक्षणं दिसतात तीच तुम्ही विचारलीत. आणि त्यातलं एकही नाही."

"म्हणून तर म्हणतो. गॅस्केट फार आतून गेलं की लक्षणं बाहेर येत नाहीत. माणसाचंही तसंच असतं." त्यांनी मिशी पुसली. "उघडा पुन्हा. पण सावकाश. रोज संध्याकाळी थोडं थोडं. त्यासाठी सकाळी दुकान सोडून घरी यायची काही गरज नाही. गिऱ्हाईक तुटतं."

माझ्या धंद्याची काळजी करणारा एक तरी माणूस या गावात आहे, या विचारानं मी त्यांच्या कपात आणखी कॉफी ओतली.

मी इंजिन पुन्हा उघडलं. शनिवारी दुपारी उघडलं आणि रविवारी जोडलं. गॅस्केट नव्या नवरीसारखं होतं. कुठं ओरखडा नाही, जळल्याचा डाग नाही. वॉटर पंपाचं सील पाहिलं, होझचे पट्टे आवळले, रेडिएटर टबात बुडवून फुंकून पाहिला. टब आमचा आंघोळीचा होता, त्याबद्दल नोएमीनं जे ऐकवलं ते इथं देत नाही. सगळं ठाकठीक. सोमवारी संध्याकाळी झाकण उघडलं. कूलंट खाली.

मी गॅरेजच्या पायरीवर बसलो. समोरून डोन्या फाबिओला आल्या, त्यांच्या मागे कोकादा. डोन्या फाबिओला स्वभावानं मायाळू आहेत आणि कुणालाही दुःखात पाहिलं की अंडं सुचवतात. मागं माझी कंबर धरली तेव्हाही त्यांनी अंडंच सुचवलं होतं.

"रेडिएटरात अंड्याचा पांढरा बलक ओता," त्या म्हणाल्या. "माझ्या भावानं ट्रकमध्ये ओतला होता. गरम झाला की बलक शिजतो आणि भोक बुजतं."

"आणि मग?"

"मग काय, भावानं ट्रक विकला."

मी बलक ओतला. का ओतला ते विचारू नका, माणूस खचला की ओततो. गळती थांबली नाही, पण गॅरेजात न्याहारीचा वास सुटला आणि कोकादा दारात बसून राहायला लागली. रेडिएटर तीन वेळा धुतला तरी तो वास जाईना. नोएमी शाळेतून आली की नाक मुरडून विचारायची, "आज इंजिनाला काय केलंत, ऑम्लेट का मक्याचा आरेपा?" तीही शिक्षिका आहे. आमच्या घरात फळ्यासमोर उभा न राहिलेला मी एकटाच.

आणि मग एका दुपारी मला ते सुचलं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं होतं. कॉन्टॅक्ट लेन्स नीट बसली की नाही हे बघायला आम्ही डोळ्यांत एक नारिंगी रंग घालतो. त्यावर निळा दिवा मारला की तो हिरवागार चमकतो आणि अश्रू कुठं साचतात, कुठून झिरपतात, सगळं दिसतं. मी त्या बाईंच्या डोळ्यांत पाहत होतो आणि एकदम थबकलो. अश्रू काय, कूलंट काय. बाईंनी विचारलं, "फार खराब आहे का डोळा?" मी म्हटलं, "नाही, उत्तम गळतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात जाण्यापूर्वी मी रंगाची आख्खी बाटली रेडिएटरात रिकामी केली. डोळ्याला एक थेंब पुरतो, पण इंजिनाला डोळ्याचं माप कसं लावायचं. बाटली आणि हात स्वयंपाकघराच्या मोरीत धुतले, तर मोरीतून जे पाणी गेलं ते पाहून मलाच धडकी भरली. पोपटी, चकाकणारं, या जगातलं न वाटणारं. म्हटलं, आता कुठं लपशील.

त्या संध्याकाळी मी परत आलो तेव्हा गल्लीत माणसं जमली होती. सगळी खाली बघत होती. डांबरावर हिरवे थेंब. एक इथं, एक तिथं, असे थेट चढावर गेलेले.

मी हादरलो. माझा रंग. पण रस्त्यावर कसा? बाइक तर गॅरेजात होती, मी सोडली तशीच, आणि पुसलेली. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला: मोरी. मी मोरीत बाटली धुतली होती. मोरीचा पाइप फुटून ते पाणी रस्त्याला आलं असणार.

"पण पाणी वर कसं चढेल?" मी डोन आबेलार्दोंना हळूच विचारलं. तेही गर्दीत होते.

"दाब असतो," ते म्हणाले. त्यांचा चेहरा का कोण जाणे, थोडा उतरला होता.

मी मान डोलावली. बसवाल्या माणसाला दाबातलं कळतं. डोन्या फाबिओला माझ्याकडे बघत होत्या आणि मी पाहिलं की लगेच आकाशाकडे बघायला लागल्या. तिसऱ्या घरातला केशकर्तनकार खोकला. मला वाटलं, गल्लीत साथ आहे.

आता आमच्या नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्याची गोष्ट अशी आहे की नळाला पाणी नाही म्हणून तक्रार करा, तुमचे केस पिकतील. पण कुणीतरी फोन करून सांगितलं की रस्त्यावर हिरवं पाणी आलंय, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खातं हजर. फावडी, कुदळी, पिवळी टोपी घातलेला इंजिनिअर. मी दुकानात निघालो होतो, तो थांबलो.

"हा आमचा रंग आहे," इंजिनिअर खाली वाकून, थेंबाला बोट लावून म्हणाला. "पाइपातली गळती शोधायला आम्ही हाच घालतो."

"पण साहेब, आपण तर घातलेला नाही," त्याचा माणूस म्हणाला.

"आपल्या नोंदीत नाही, म्हणजे मागच्या साहेबांनी घातला असणार. आत्ता बाहेर आला."

मी तोंड उघडलं. खरं सांगावं, एवढ्यासाठीच उघडलं होतं. पण तेवढ्यात पहिली कुदळ डांबरात बसली, आणि सरकारी कुदळ एकदा बसली की मध्ये बोलण्यात काही अर्थ नसतो. मी तोंड मिटलं आणि दुकानात गेलो. दिवसभर एकाही माणसाच्या डोळ्याचा नंबर मला बरोबर सापडला नाही.

संध्याकाळी उजेड जात असताना परत आलो. चढाच्या मधोमध, रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवा चर खणलेला. चराच्या तळाशी पाण्याचा पाइप कोरडा ठणठणीत, कुठंही गळत नसलेला. आणि गल्लीचं पाणी बंद. खातं निघून गेलं होतं.

मी निळा दिवा दुकानातून आणला होता. मोरीचा पाइप नेमका कुठं फुटलाय ते तरी बघावं म्हणून तो लावला आणि गॅरेजसमोरून सुरुवात केली. मला धक्का बसला. थेंब मोरीच्या बाजूनं येतच नव्हते. ते गॅरेजच्या दारातून निघत होते. दारातून बाहेर, वळण घेऊन चढाला, ओळीनं, हिरव्या काजव्यांसारखे. चराच्या वरच्या बाजूला तर चांगलं थारोळं होतं. मी दिवा तिकडं वळवला आणि थारोळ्यापाशी कोकादा उभी होती. तिचं तोंड हिरवं चमकत होतं. नाक, मिशा, जीभ.

कूलंट गोड असतं. जनावरं ते आवडीनं चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. हे डब्यावर लिहिलेलं असतं, मी ते रोज वाचत होतो.

"डोन्या फाबिओला," मी ओरडलो. "कोकादानं विष चाटलंय."

त्या अनवाणी धावत आल्या. मी कोकादाला उचललं, ती माझं तोंड चाटायला लागली, आम्ही दोघं धावत चौकातल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे. मी दिवा बंद करायला विसरलो होतो. नंतर कळलं की आम्हाला तसं हिरव्या तोंडानं पळताना पाहून चर्चमधल्या दोन बायका पुन्हा आत गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी कुत्रीला टेबलावर घेतलं. "कधी चाटलं? किती?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "माझ्या बाइकचं आहे, पण बाइक तर..."

"मला वेळ कळायला हवी," त्या म्हणाल्या. "दोन-चार तास झाले असतील तर आशा आहे. काल चाटलं असेल तर वेगळी गोष्ट. कुणीतरी नीट सांगा."

डोन्या फाबिओलांनी माझ्याकडे पाहिलं, कोकादाकडे पाहिलं, डोळे मिटले आणि बोलायला लागल्या.

"आज दुपारी जेवणानंतर. त्याच्या आधी नाही, शपथ घेते. रोज थेंब थेंब पडायचे, ते ती हुंगायची नुसती. पण आज ओतिलिया वरून परत येत होत्या आणि चर आडवा आला. त्या इंजिन चालू ठेवूनच त्या इंजिनिअरशी भांडत बसल्या. फळी टाका म्हणून. इंजिन तापलं, रेडिएटरच्या त्या बारक्या नळीतून भसाभसा पाणी वाहिलं. मग फळी टाकली, त्या गेल्या आणि ही चाटायला लागली. मी हाकललं होतं हो तिला."

मी निळा दिवा बंद करून टेबलावर ठेवला.

"ओतिलिया कोण?" मी विचारलं. मला एकच ओतिलिया माहीत होती आणि ती असणं शक्य नव्हतं.

"तुमच्या सासूबाई," डोन्या फाबिओला म्हणाल्या. "तुम्ही दुकानात गेलात आणि नोएमी शाळेत गेली की निघतात. आबेलार्दोंच्या घरी जातात, त्यांना मागं बसवतात आणि दोघं वर मातीच्या वाटेनं टेकडीच्या माथ्यावर. पहिल्या गिअरमध्ये. दोन माणसांचं ओझं, उभा चढ. कुठलं इंजिन तापणार नाही?"

अंबाडा. जपमाळ. भूत घरातून घालवा. एकीकडे हे सगळं डोळ्यांसमोरून जात होतं, आणि दुसरीकडे, माझ्या छातीच्या अगदी आत, काहीतरी अलगद उमलत होतं. आणि मला स्वतःची लाज वाटते, पण माझ्या तोंडून पहिलं वाक्य जे निघालं ते हे:

"म्हणजे गॅस्केट ठीक आहे?"

डोन्या फाबिओलांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिला चष्म्याचा कुठलाही नंबर लागू पडत नाही.

"आग्वार्दिएन्ते आहे का कुणाकडे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "या विषावरचं औषध माझ्याकडे नाही, मेदेयीन शहरातून यायला सकाळ होईल. तोपर्यंत दारूच. शरीर आधी दारू पचवायला घेतं आणि विष तसंच बाहेर जातं. मी माप सांगते तसं द्यायचं."

कोपऱ्यावरच्या दुकानातून मी बडीशेपेच्या वासाची ती आमची दारू आणली. दुकानदारानं विचारलं, कुणासाठी? मी म्हटलं, कुत्रीसाठी. तो म्हणाला, "घरी काही बिनसलंय का, डोन गिल्दार्दो?"

कोकादाला मापानं दारू आणि नळीनं सलाइन. थोड्या वेळानं तिचे डोळे मिटायला लागले, तिनं डॉक्टरीणबाईंच्या हातावर डोकं टेकलं आणि एक दीर्घ, समाधानी उसासा टाकला. डोन्या फाबिओला रडत होत्या. मी त्यांच्यासाठीही थोडी ओतली, मग स्वतःसाठी. सगळ्यांत कमी कोकादाच प्यायली म्हणायची.

"सगळ्या गल्लीला माहीत होतं?" मी विचारलं.

"सगळ्या गल्लीला."

"आणि ते अंडं?"

"काहीतरी सांगायला हवं होतं ना. तुम्ही इतक्या आशेनं बघत होतात."

घरी पोचलो तेव्हा सासूबाई आणि नोएमी टेबलाशी बसल्या होत्या, समोर राजमा आणि भात. बातमी माझ्या आधी पोचली होती. आमच्या गावात बातमीला चर आडवा येत नाही. नोएमी पांढरीफटक पडली होती.

"कुत्री कशी आहे?" सासूबाईंनी आधी हेच विचारलं.

"जगेल असं म्हणतात."

त्यांनी डोळे मिटले आणि ओठ हलवले. मग डोळे उघडून म्हणाल्या, "बसा, गिल्दार्दो. भात गार होतोय."

"आई, हेल्मेट तरी घालत होतीस का?" नोएमीनं विचारलं.

"तुझ्या नवऱ्याचं. सैल होतं, आत रुमाल कोंबायचे."

"अगं पण चालवायला कुठं शिकलीस?"

"तुझ्या जन्माआधी. डोंगरावरच्या शाळेत बदली झाली तेव्हा शाळेनं मोटारसायकल दिली होती. पावसात, चिखलात, मागं वह्यांचं गाठोडं बांधून जायचे." त्या बोटांनी टेबलावरचे भाताचे कण गोळा करत होत्या. "लग्न झालं, तुझ्या वडिलांना ते बरं दिसेना. मग तू झालीस. मग कुणी विचारलंच नाही. आणि त्या दिवशी गॅरेजात हे इंजिन सुरू झालं." त्यांनी मान वर केली. "आवाज चांगला होता, गिल्दार्दो. मोकळा. क्लच मात्र तुम्ही फार घट्ट ठेवलाय."

मला काय वाटावं तेच कळेना. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या इंजिनाबद्दल जाणतेपणानं बोलत होतं, आणि ती माझी सासू होती.

"पण मला सांगायचं तरी," मी म्हटलं. "मी ते इंजिन पुन्हा खोललं. टबात रेडिएटर बुडवला. बलक ओतला. पेट्रोलसुद्धा..."

"पेट्रोल आबेलार्दो भरायचे. माणूस सभ्य आहे. कूलंट तुम्ही भरतच होतात, म्हणून ते नाही भरलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत थट्टा नव्हती. "सांगणार होते. पण तुम्ही ती गळती इतक्या आनंदानं शोधत होतात की मोडवेना."

नोएमी हसायला लागली. आधी मला वाटलं रडते आहे, आणि खरं तर दोन्ही चाललं होतं. सासूबाईंनी तिला हसून घेऊ दिलं आणि मग, मीठ द्या म्हणावं इतक्या सहज, म्हणाल्या, "मी आणि आबेलार्दो लग्न करणार आहोत. त्यांचं घर पाहिलंय ना, अंगण मोठं आहे. तो रस्त्यावरचा चर बुजला की तिथंच करू."

माझ्या हातातला चमचा भातात पडला. त्या दिवसात मला इतके धक्के बसले होते की हा नीट बसायला जागाच उरली नव्हती. तो दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना बसला.

कोकादा वाचली. दोन दिवस तिचं डोकं दुखत असावं, कारण ती कुणावर भुंकली नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून मी जनावरांना अपाय न करणारं कूलंट आणून भरलं. आणि मग मी पाणीपुरवठा खात्यात गेलो, सगळं खरं सांगायला. रंग माझा, चूक माझी, पाइप निर्दोष आहे, चर बुजवा आणि नळाला पाणी सोडा.

खिडकीतल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. पाणी सोडतो म्हणाल्या. "पण चर बुजवता येणार नाही."

"का?"

"गळती सापडल्याशिवाय चर बुजवायचा नाही असा नियम आहे."

"अहो, गळती नाहीच आहे."

"म्हणजे सापडलेली नाही."

"नाहीच आहे, म्हणून सापडलेली नाही."

"मग ती सापडली की या," बाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

मी हे जेवताना सांगितलं तेव्हा सासूबाईंचा घास हातातच राहिला. त्या रात्री जपमाळ फार वेगानं फिरत होती. चरावर टाकलेली फळी खात्याच्या माणसांनी परत नेली होती. डोन आबेलार्दो रोज चराच्या पलीकडे येऊन उभे राहायचे, त्या अलीकडे. दोघं हवापाण्यावर बोलायचे. मला ते पाहवेना. नोएमीलाही पाहवेना, हे मला कळलं ते रविवारी सकाळी, जेव्हा ती माझं फावडं घेऊन बाहेर आली आणि कुणाला न विचारता चरात माती लोटायला लागली.

"अगं, सरकारी चर आहे," मी म्हटलं.

"गळती सापडली," ती म्हणाली. "आपल्या घरातच होती. लोटा माती."

मी लोटायला लागलो. मग पलीकडून डोन आबेलार्दो, बाह्या सरसावून. मग केशकर्तनकार, मग डोन्या फाबिओला टोपलीनं, आणि बघता बघता आख्खी गल्ली. दुपारपर्यंत चर भरला. पण माती भुसभुशीत होती, पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत जायचा. दाबायला रोलर कुठून आणायचा?

तेवढ्यात गॅरेजातून किक मारल्याचा आवाज आला. एक, आणि दुसऱ्या किकला इंजिन सुरू. सासूबाई बाहेर आल्या, रुमाल कोंबलेलं माझं हेल्मेट, अंगात घरातला निळा झगा, पायांत बागकामाचे बूट. त्या मातीवरून वर गेल्या, वळल्या, खाली आल्या, पुन्हा वर. चाकं आधी रुतत होती, मग कमी, मग नाहीच. मी आयुष्यात इतकं नीट वळण कुणी घेतलेलं पाहिलं नाही. गल्ली टाळ्या वाजवत होती. मी वाजवत नव्हतो, कारण मी ऐकत होतो. कुठं खडखड नाही, कुठं अडखळ नाही.

पुन्हा खाली आल्या तेव्हा नोएमी पुढं झाली आणि हाताची माती स्वतःच्या झग्याला पुसत आईच्या मागं बसली. सासूबाईंनी मागं वळूनही पाहिलं नाही, फक्त म्हणाल्या, "घट्ट धर." आणि दोघी वर गेल्या. चर ओलांडून, डोन आबेलार्दोंच्या फाटकावरून, डांबर संपतं तिथून पुढं मातीवर. डोन आबेलार्दो माझ्याशेजारी फावड्यावर टेकून उभे होते. त्यांची जागा गेली होती, पण तक्रार दिसली नाही.

दोघी परत आल्या तेव्हा नोएमीचे केस धुळीनं माखले होते आणि ती पोरीसारखी धापा टाकत होती. सासूबाईंनी इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं आणि माझ्यासमोर धरलं.

"पुढच्या रविवारी तुम्ही बसा मागं, गिल्दार्दो," त्या म्हणाल्या. "घाबरू नका. मी हळू नेते."

आख्खी गल्ली माझ्याकडे बघत होती. ज्या माणसानं ते इंजिन बोल्ट बोल्ट करून जोडलं, त्यानं मागं बसून सासूबाईंना धरून टेकडी चढायची. मी घसा खाकरला, छाती पुढं काढली आणि विचारलं, "किती वाजता?"